उठावभाई

मिरकरवाडा बंदरावर जनहिताचा कुठलाही कार्यक्रम ठरला की त्याचं पोस्टर भाईंकडे जातं. कुणी देत नाही, ते घेतात. रक्तदान असो, मोतीबिंदू तपासणी असो, व्यसनमुक्ती असो. "बाकीचं तुम्ही बघा, पोस्टर माझ्यावर सोडा," म्हणून ते खुर्चीतून उठतात आणि बाकीचं बघणारे एकमेकांकडे बघत राहतात. भाईंचं खरं नाव मतदार यादीत आहे. बंदरावर चालतं ते डीटीपीवाल्या पोराने ठेवलेलं 'उठावभाई', कारण कुठल्याही डिझाइनवर त्यांचा शेरा एकच: "झकास झालंय रे बाळा, पण उठाव नाय."

उठाव कशाने येतो ते त्या दिवशीच्या हवेवर अवलंबून. कधी अक्षरांना पिवळी किनार लावून, कधी किनारीला सावली देऊन, कधी सावलीलाही किनार काढून. पोरगा कोरल ड्रॉमध्ये माऊस फिरवतो आणि भाई मागच्या स्टुलावर बसून स्क्रीनला बोट लावतात. काचेवर त्यांच्या बोटाचा डाग उमटतो आणि मग तो डागच डिझाइनमधला ठिपका समजून "हे काय काढलंस?" असं तेच विचारतात. "एकच बारीकसा बदल" म्हणत दुकानात शिरलेला हा माणूस दुपारच्या जेवणाला घरी पोचल्याचं त्यांच्या घरातही कुणाला आठवत नाही.

रक्तदान शिबिर 14 जूनला धरायचं ही मात्र भाईंचीच अक्कल, आणि ती मानायला हवी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, परगावचे खलाशी घरी गेलेले, पण गावातले तांडेल, नौकामालक आणि तरणी पोरं एरवी समुद्रावर असतात ती आता नाक्यावर सापडतात. शिवाय तो जागतिक रक्तदाता दिन. रक्तगट शोधून काढणाऱ्या कार्ल लँडस्टायनरचा 1868 सालचा जन्म त्याच तारखेचा. हे भाईंना मोबाइलवर कळलं आणि पोस्टरवर लँडस्टायनर आला. मिशी, गंभीर चेहरा, मागे लाल थेंब.

समितीच्या बैठकीत फोटोंची छाननी सुरू झाली. पोस्टर म्हणजे आमच्याकडे मुळात मानापमानाचा नकाशा. कोण वरच्या रांगेत, कोण गोलात, कुणाचा चेहरा कुणापेक्षा सुपारीएवढा मोठा, यावरून माणसं वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. सगळे मान्यवर मोजून झाल्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी लँडस्टायनरवर बोट ठेवलं.

"हे कुठल्या वॉर्डातले?"

"ऑस्ट्रियाचे," भाई म्हणाले. "नोबेलवाले. 1930."

"वर्गणी?"

भाईंकडे उत्तर नव्हतं. लँडस्टायनर खाली उतरला आणि अखेर 'सौजन्य'च्या ओळीत, बर्फ पुरवणाऱ्या शेटच्या शेजारी स्थिरावला. शेटही खूश. आपल्या बाजूला बसवलेले हे कुणी मोठे डॉक्टर असणार, एवढं त्यांनी ओळखलं होतं.

या गर्दीत रक्तदात्याला हवी ती माहिती आक्रसत गेली. रक्तपेढीतून लिहून आलं होतं की वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5, आधीच्या रक्तदानाला पुरुषांनी तीन आणि बायकांनी चार महिने झालेले असावेत, उपाशीपोटी येऊ नये. हे सगळं तळाच्या पट्टीत गोळ्यांच्या पाकिटावरच्या अक्षरांएवढं झालं. "वजन कशाला लिहायचं? तिथे काटा असतोच," हा भाईंचा युक्तिवाद. दहा बाय आठचं फ्लेक्स छापून आलं, वारा आरपार जावा म्हणून कुणाच्याही तोंडावर येणार नाहीत अशी भोकं पाडायला अर्धा तास गेला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की वेळ छापलेलीच नाही.

इथे दुसरा कुणी खचला असता. भाईंनी पोस्टरची छोटी प्रत काखेत मारली आणि भर पावसात निघाले. त्यांची पद्धत अशी: जाळी विणणाऱ्यांच्या घोळक्यासमोर उभं राहायचं, गुंडाळी सोडायची आणि जवळच्या दोघांना म्हणायचं, "हे टोक धर जरा." टोक धरणाऱ्याला हात सोडता येत नाही, पळता येत नाही, आणि पोस्टर तर त्याच्या स्वतःच्या हातात असतं. तेवढ्यात भाईंच्या वहीत त्याचं नाव चढलेलं असतं. "सकाळी नऊला. नाश्ता करून ये."

एखादी आई आडवी येते. "भाई, पोरगा बघा किती वाळलाय, त्याचं कसलं रक्त घेताय?"

"काट्यावर उभा करू. पंचेचाळीसच्या खाली भरला तर बिस्कीट खाईल आणि घरी येईल. बिस्कीट तरी खाऊ दे त्याला."

शिबिराच्या दिवशी रांग लागते. पोस्टर वाचून आलेला एकही जण मला भेटलेला नाही, टोक धरून आलेले सगळे भेटलेत. स्वतः भाई पासष्टी ओलांडून बसलेत, म्हणून सुई टोचलेल्या पोरांच्या डोक्याशी उभे राहून ते त्यांना पोस्टरच्या रंगसंगतीबद्दल विचारतात. पोरं गप्प पडून असतात. भाईंना ती दाद वाटते.

नंतरच्या पावसात ते फ्लेक्स जाळ्यांच्या ढिगावर जातं. बंदरावर सध्या तीन वर्षांचे मान्यवर उताणे पडून पाऊस अडवताहेत. गेल्या खेपेचे एक प्रमुख पाहुणे बोंबील वाळवायच्या जागेच्या बाजूला, लाकडांवर आहेत आणि अजून हसताहेत.

आता सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवारची किनारा सफाई जवळ आली आहे. विषय प्लास्टिकचा. भाईंनी 'प्लास्टिकमुक्त किनारा' हे दहा बाय आठच्या फ्लेक्सवर घ्यायचं ठरवल्यावर कॉलेजातली एक मुलगी उभी राहिली. "भाई, फ्लेक्स पण प्लास्टिकच असतं. कापडावर रंगवून घेऊ."

भाई बराच वेळ विचारात पडले. मुलीचं म्हणणं त्यांना पटलं होतं, हे चेहऱ्यावरून दिसत होतं.

"कापडाला माझी हरकत नाय," ते शेवटी म्हणाले. "पण बाळा, ब्रशने मान्यवर कसे काढणार? आणि समजा काढले, तर ओळखू येतील एवढा उठाव येईल का?"