ओळखा केवढ्याची!

वाईन पिणारे पुष्कळ असतात. ती स्वस्तात मिळाल्याचा आनंद पिणारे वेगळे. अशा माणसाला आपण नाना म्हणू. बँकेतून निवृत्त, मुलगी लंडनला, मुलगा कॅलिफोर्नियात आणि स्वतः पुण्यात. प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. नसले तर शेजारच्या सोसायटीतले येतात.

बाटली उघडताना नाना लेबलवर तळहात ठेवतात. ग्लासात दोन बोटं ओततात, आणि तुमचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत विचारतात, "ओळखा केवढ्याची!" पाहुण्यांची खरी परीक्षा इथेच. नेमकी किंमत सांगितलीत, तर नाना पडेल चेहऱ्याने शेंगदाण्यांची वाटी पुढे सरकवतात. दुप्पट सांगितलीत तर खूश. चौपट सांगितलीत तर दुसरा ग्लास. मुरलेले पाहुणे चौपटीपासूनच सुरुवात करतात. वाईन कशी होती, हे मात्र नानांनी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

नानांचा सिद्धांत एका वाक्याचा आहे: नावाला पैसे मोजू नयेत, नावाच्या शेजाऱ्याला मोजावेत. देवगडचा शिक्का नसलेला हापूस बांधापलीकडून आणावा, तसं. म्हणून शॅम्पेनऐवजी स्पेनची कावा. बहुतेक कावा कॅटलोनियातल्या पेनेदेसकडून येते आणि तीही शॅम्पेनसारखीच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली असते. फ्रेंचच हवी असा कोणी हट्ट धरला, तर लिमू नाहीतर अल्सासची क्रेमाँ. पांढरी हवी तर दक्षिण आफ्रिकेची शेनिन ब्लाँ.

लाल मागितलीत की कारमेनेर येते आणि तिच्याबरोबर गोष्टही येते. हे द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या बोर्दोचं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने तिकडचे मळे खाल्ले आणि हे द्राक्ष तिथून जवळजवळ नाहीसं झालं. पण त्याआधीच त्याच्या काड्या चिलीत पोचल्या होत्या. तिथले लोक कित्येक वर्षं त्याला मर्लो समजून पीत राहिले. शेवटी १९९४ साली ज्याँ-मिशेल बूर्सिको हा फ्रेंच तज्ज्ञ चिलीतल्या एका मळ्यात उभा राहिला, पानं-घड न्याहाळले आणि म्हणाला, हे मर्लो नव्हे. "म्हणजे बघा," नाना बोट वर करतात, "बोर्दोचं खानदान आणि चिलीचा भाव!" गोष्ट संपेपर्यंत भजी गार झालेली असतात.

नानांच्या पत्नी माई यांची तक्रार अशी, की यांना माझा वाढदिवस आठवत नाही, पण २४ मे १९७६ पाठ आहे. त्या दिवशी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांना लेबलं झाकून वाईन चाखायला दिल्या, आणि लाल-पांढऱ्या दोन्हींत कॅलिफोर्नियाची बाटली पहिली आली. नाना ही हकिकत अशा थाटात सांगतात, की बाटल्या झाकायला फडकं जणू यांनीच दिलं होतं. शिष्टपणाचं त्यांना वावडं आहे, हे खरं. फिरकीच्या झाकणाची बाटली पाहून कोणी "खोकल्याचं औषध का?" म्हणालं, की न्यूझीलंडमध्ये बहुतेक सगळ्या वाईन अशाच झाकणाच्या असतात, हे ते शांतपणे सांगतात. जाड काचेच्या, बुडाला खोल खळगा असलेल्या बाटलीला ते हातही लावत नाहीत. काच काय प्यायची आहे?

बँकेतली नोकरी सुटली, पण आकडेमोड सुटली नाही. लंडनच्या मुक्कामात लेक म्युझियम दाखवते, नाना सुपरमार्केटची फळी बघतात. ब्रिटनमधला वाईनवरचा मद्यकर किमतीवर नसतो, त्यातल्या अल्कोहोलवर असतो. पाच पौंडांची बाटली आणि पंधरा पौंडांची बाटली, तीव्रता सारखी तर हा करही सारखाच. "म्हणजे सगळ्यात स्वस्त बाटलीत पैसे सरकारचे आणि वाईन तोंडी लावण्यापुरती," हा त्यांचा निष्कर्ष. तिकडे ते मधल्या फळीवरची घेतात. आणि ते बरोबरच आहे.

भारतात उलटा हिशेब. इथे परदेशी वाईनवर दीडशे टक्के सीमाशुल्क हा अनेक वर्षांचा रिवाज. २९ डिसेंबर २०२२ रोजी ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार लागू झाला आणि पाच डॉलरांहून अधिक आयातमूल्याच्या तिथल्या बाटल्यांवरचं शुल्क शंभर टक्क्यांवर आलं, पुढे ते टप्प्याटप्प्याने उतरणार असंही ठरलं. त्या दिवशी नानांनी ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघालासुद्धा माफ केलं.

खरा प्रसंग विमानतळावर. प्रवाशाला दोन लिटर शुल्कमुक्त. बाटली साडेसातशे मिलिलिटरची, म्हणजे दोन बाटल्यांचे झाले दीड लिटर. उरलेलं अर्धं लिटर फुकट जातं या दुःखाने नाना कित्येक परतीच्या प्रवासांत झोपलेले नाहीत. मग त्यांना तीनशे पंचाहत्तरची अर्धी बाटली सापडली. उरले सव्वाशे मिलिलिटर. त्यावर विचार चालू आहे. माई स्वतः सोलकढीपलीकडे जात नाहीत, पण त्यांच्या पासपोर्टावरही दोन लिटर बसतात, हे नाना विसरत नाहीत. "अहो, माझ्या बॅगेत शालूसुद्धा आहे," असं त्या काउंटरपाशी म्हणत असतात. नाना तो शालू बाटलीभोवती गुंडाळत असतात.

इतकं सगळं असून कायद्याच्या बाबतीत माणूस सरळ. महाराष्ट्रातला मद्य बाळगण्याचा आजन्म परवाना त्यांनी लॅमिनेट करून घेतला आहे आणि कोणी मागितला नाही, तरी दाखवतात.

दोष एकच. नाशिक पुण्यापासून जेमतेम दोनशे किलोमीटरवर. तिथल्या सुला वायनरीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, त्यानंतर तिकडे कितीतरी वायनरी उभ्या राहिल्या. पण नाशिकची बाटली नानांच्या घरी फक्त परदेशी पाहुणा आला तरच निघते. कारण उघड आहे: कोपऱ्यावरच्या दुकानातली किंमत सोसायटीत सगळ्यांना पाठ, तिथे "ओळखा केवढ्याची" कोणाला विचारणार?

तेव्हा नाना भेटले तर त्यांचं ऐका. कावा, क्रेमाँ, कारमेनेर ही नावं लिहून घ्या, ती खरोखरच पैसे वसूल करतात. पण पुण्यात राहून स्वस्त आणि बरी वाईन प्यायची असेल, तर नाशिकची शेनिन ब्लाँ घ्या. तिच्यावर सीमाशुल्क नाही, आणि ती आणायला माईंचा पासपोर्ट लागत नाही.