दोन पेंग्विन, एक आलेख

सेलेरॉन हा इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर. तो जोडीनं वापरावा अशी कंपनीची योजना नव्हती. पण १९९९मध्ये अ‍ॅबिटचा बीपी६ नावाचा बोर्ड आला. त्यावर दोन सेलेरॉन शेजारी शेजारी बसायचे आणि श्रीमंतांच्या सर्व्हरसारखे कामाला लागायचे. ३६६ मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ५५०वर पळवणारे शूरवीरही तेव्हा होते. मी तेवढा शूर नव्हतो. फुकटात सर्व्हर मिळाल्याचा आनंद मला पुरेसा होता.

फुकटात म्हणजे हप्त्याहप्त्यानं. आधी बोर्ड आणि एक सेलेरॉन, त्यावर विंडोज २०००. दुसरा सेलेरॉन दिवाळीच्या बोनसवर. तो बसवला, मशीन चालू केलं. सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर दोघांचीही नावं उमटली. दोन्ही पंखे घरघरू लागले. विंडोज उघडलं, प्रत्येक प्रोसेसरचा वेगळा आलेख दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला, तर आलेख एकच!

दुकानदाराला फोन केला. लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुखण्यावर एकच मात्रा मिळते, ती मिळाली: "सर, फॉरमॅट मारा." बायको म्हणाली, "एकाच्याच जोरावर चालतंय ना सगळं? मग दुसरा परत देऊन टाका." भाचा मात्र मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी घेऊन आला. लिनक्सची एक गंमत आहे. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अनेक प्रोसेसर सांभाळणारं असेल आणि पडदा ग्राफिक्समध्ये असेल, तर मशीन सुरू होताना वरच्या कोपऱ्यात प्रत्येक प्रोसेसरमागे एक पेंग्विन उभा राहतो. आमच्याकडे दोन उभे राहिले. गुटगुटीत, पिवळ्या चोचीचे, अगदी खांद्याला खांदा लावून. बायकोसुद्धा बघायला आली. म्हणजे प्रोसेसर ठणठणीत होता, दुकानदार निर्दोष होता आणि आडमुठेपणा विंडोजचा होता.

पण त्या आडमुठेपणालाही कारण निघालं. विंडोज २०००च्या सीडीवर कर्नल दोन तऱ्हांचं असतं, एका प्रोसेसरसाठी वेगळं आणि अनेकांसाठी वेगळं. प्रोसेसर दोन असले, तर स्मृतीतल्या सामायिक माहितीला हात लावण्याआधी कुलूप घालावं लागतं, नाहीतर दोघं एकाच वेळी तिथे घुसतात. प्रोसेसर एकच असेल तर या कुलपांत वेळ कशाला घालवायचा? घरात एकटाच राहणारा माणूस न्हाणीघराची कडी लावत नाही, तसंच हे. इन्स्टॉल करताना विंडोजनं माणसं मोजली, एकच दिसला, आणि बिनकडीचं कर्नल बसवलं. नंतर कोण राहायला आलं याची चौकशी ते करत नाही. खरं सांगायचं तर मला हे हिशेबी वागणं आवडलं. विंडोज ९८ मुळातच एकाच्या वर मोजत नाही. याला निदान मोजता येत होतं.

उपाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये होता. तिथे 'कॉम्प्युटर'खाली 'एसीपीआय युनिप्रोसेसर पीसी' लिहिलेलं होतं. ड्रायव्हर बदलायला सांगून यादीतून 'एसीपीआय मल्टिप्रोसेसर पीसी' निवडायचं, बस्स. शेजारचं भलतंच नाव निवडलं तर मशीन सुरूच होत नाही, म्हणून भाच्यानं योग्य नाव आधी मोठ्यानं वाचलं, मग मी वाचलं, मग माउस दाबला. रीस्टार्ट झालं. आलेख दोन!

त्यातल्या एकाची रेघ मात्र तळाशी लोळत होती. मी चालवतो ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सगळं काम एकाच दोऱ्यात ओवतं. दुसऱ्या प्रोसेसरला द्यायला त्याच्याकडे काही नसतंच. वेग तसूभरही वाढला नाही. बायकोनं दोन्ही आलेख पाहिले आणि काही न बोलता वीजबिल समोर ठेवलं.

तरी फायदा झालाच. पूर्वी ते सॉफ्टवेअर अडकलं की टास्क मॅनेजरचा मीटर १०० टक्क्यांवर जाऊन सगळं मशीन गोठायचं. आता अडकतं तेव्हा मीटर ५०वर थांबतो, आणि उरलेल्या ५०मध्ये सॉलिटेअर अगदी सुरळीत चालतं.