ताऱ्यांची फेरमोजणी

मनुष्यास वास्तवाची ओढ केव्हा आणि कशापायी लागेल याचा काही नेम नाही. परंतु ज्या खेळात हिरव्या कातडीचे, टपोऱ्या डोळ्यांचे आणि विलक्षण आशावादी असे चिमुकले जीव हाताला येईल त्या सामानातून जुळवलेल्या अग्निबाणांत बसून नभोमंडळात झेपावतात, आणि त्यांतील बरेचसे तितक्याच उत्साहाने भूमीवर परत आदळतात, त्या खेळातील रात्रीचे आकाश मात्र यथातथ्यच असले पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्या पंथात माझी गणना होते, हे प्रारंभीच नमूद करून ठेवणे इष्ट. खेळाचे नाव 'कर्बल स्पेस प्रोग्राम'. मेक्सिकोतील काही कल्पक मंडळींनी तो 2011 साली प्रथम लोकांपुढे आणला आणि 2015 साली त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. त्यातील कर्बिन या ग्रहाची त्रिज्या अवघी 600 किलोमीटर, दिवस सहा तासांचा, आणि गुरुत्वाकर्षण मात्र आपल्या पृथ्वीइतकेच. तेव्हा हिशेब मांडू गेल्यास तो ग्रह शिशाच्या सुमारे पाचपट घनतेचा निघतो. त्याबद्दल आमच्या पंथात कोणाचीही हरकत नाही. हरकत आहे ती ताऱ्यांना.

अशा खेळातील आकाश ही वस्तुतः आतून रंगवलेली सहा भिंतींची एक पेटी असते. तिला स्कायबॉक्स म्हणतात, आणि यान कितीही वेगाने धावले तरी पेटीही त्याच्याबरोबरच सरकत असल्याने तिची कोणतीही भिंत कधी तसूभरही जवळ येत नाही. या युक्तीत शास्त्रदृष्ट्या खोट काढणे कठीण. कारण सूर्य वगळता सर्वांत निकटचा तारा 4.2 प्रकाशवर्षांवर असल्यामुळे थेट गुरूपर्यंत जाऊन पाहिले तरी सप्तर्षी काही आपली बैठक मोडत नाहीत. प्रश्न आहे तो भिंतींवरील चित्रांचा. ती बदलावयाची झाल्यास सहा नवी चित्रे 'टेक्स्चर रिप्लेसर' नामक मॉडच्या, म्हणजे खेळात फेरफार करणाऱ्या जोडप्रणालीच्या, स्वाधीन करावी लागतात, आणि त्यांत एखादेही उलटे लागले तर आकाशगंगा कोपऱ्यावर येऊन मध्येच खंडित होते. एका भिंतीत आकाशाचे 90 अंश मावतात. भिंतीची रुंदी 2048 ठिपक्यांची धरली तर एका ठिपक्याच्या वाट्यास सरासरी अडीच कलांहून किंचित अधिक आकाश येते, आणि वसिष्ठ व अरुंधती यांच्यामधील अंतर तर सुमारे 12 कलांचे. अर्थात नवदांपत्यास आदर्श म्हणून जे जोडपे दाखवण्याची आपल्याकडे चाल आहे, त्याला चार-पाच ठिपक्यांच्या जागेत संसार उरकावा लागतो. त्यांना थोडी ऐसपैस जागा मिळावी म्हणून 8192 ठिपक्यांची भिंत घेतली, तर सहा भिंती मिळून, संकोचन न करता, संगणकाची सुमारे दीड गिगाबाइट स्मृती व्यापून बसतात. एका अरुंधतीखातर मी तेवढा खर्च मंजूर केला.

परंतु वास्तवाचा खरा अंमल सुरू झाला तो 'डिस्टंट ऑब्जेक्ट एनहान्समेंट' हे दुसरे मॉड बसवल्यावर. हे मॉड एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. देते ते असे की, दूरचे ग्रह, जे मूळ खेळात दिसेनासे होतात, ते त्याच्या कृपेने रंगीत ठिपक्यांच्या रूपाने यथास्थान चमकू लागतात. आणि घेते ते असे की, सूर्य किंवा एखादा उजळलेला ग्रह दृष्टिपथात येताच आकाशातील समस्त ताऱ्यांवर जप्ती आणते. यात अन्याय काहीच नाही. आपल्या आकाशातील सूर्य हा व्याधाच्या तेराशे कोटी पट तेजस्वी भासतो, आणि चंद्रावर उतरलेल्या अपोलोच्या वीरांनी काढलेल्या छायाचित्रांत तारे दिसत नाहीत याचेही कारण एवढेच, की उन्हाने लखलखणाऱ्या चांद्रभूमीच्या बेताने कॅमेऱ्याची झडप क्षणार्धात मिटवावी लागली होती. न्याय झाला खरा. मात्र त्याची अंमलबजावणी झाल्यावर माझ्या पडद्यावर एक यान, एक प्रखर गोळा आणि बाकी काळोख, एवढीच मालमत्ता शिल्लक राहिली. "जावईबापू, वीज गेली का हो?" असे आमचे अण्णा शेजारच्या खोलीतून विचारते झाले.

अण्णा, म्हणजे माझे श्वशुर, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे कोणतेही प्रकरण त्यांच्यापुढे कागदपत्रांनिशी मांडावे लागते. मी त्यांना तारकासूची दाखवल्या. 1989 साली सोडलेल्या हिपार्कस उपग्रहाच्या सूचीत 1,18,218 तारे आहेत, आणि 2013 साली गेलेल्या गाया उपग्रहाच्या दप्तरात 180 कोटींहून अधिक नोंदी जमा झाल्या आहेत, हे ऐकून त्यांनी दप्तराविषयी आदर व्यक्त केला. मग मी त्यांना आकाशगंगेची दीर्घ प्रकाशनाची छायाचित्रे दाखवली, ज्यांत गुलाबी तेजोमेघ आणि सोनेरी धुळीचे पट्टे दिसतात. शेवटी डोळ्याची बाजू मांडली : निरभ्र आणि पूर्ण काळोख्या जागी, सुमारे साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे, उभ्या आकाशगोलात मिळून नऊ हजारांच्या आसपास तारे नुसत्या दृष्टीस दिसू शकतात, त्यांतील निम्मे कोणत्याही वेळी क्षितिजाखाली असतात, काळोखास डोळा सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मंद प्रकाशात काम करणाऱ्या नेत्रपेशींना रंग कळत नसल्यामुळे ती गुलाबी आकाशगंगा प्रत्यक्षात राखाडीच दिसते.

"म्हणजे उताऱ्यावर एक, नकाशावर दुसरे आणि जागेवर तिसरेच," अण्णा समाधानाने म्हणाले. "मग यात नवल ते काय?"

नवल नव्हतेच, केवळ निकाल द्यावयाचा होता. सूचीची साक्ष बिनचूक खरी, पण ती दृश्याची नव्हे, हजेरीपटाची साक्ष होय. कॅमेऱ्याची साक्ष नेत्रदीपक, परंतु ज्या साक्षीदाराने कित्येक मिनिटे झडप उघडी ठेवून प्रकाशाची साठेबाजी केली आहे, त्याच्या शब्दावर एका दृष्टिक्षेपाचा निवाडा कसा करावा? तेव्हा मी डोळ्याच्या बाजूने कौल दिला, आकाशगंगेचे रंग खारीज केले, आणि साडेसहाव्या प्रतीच्या खालील सर्व ताऱ्यांस घरी जाण्याची मुभा दिली.

वास्तवाच्या या मोहिमेत आमच्या पंथातील अधिक कडव्या मंडळींनी तर कर्बिनच काढून टाकून तेथे आपली सूर्यमाला वसवणारे 'रिअल सोलर सिस्टिम' हे मॉड सिद्ध केले आहे. तेथे एक पेच पडला. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला, आणि मूळ खेळात तर कोणत्याही ग्रहाचा अक्ष कलता करण्याची सोय नाही. यावर त्यांनी तोडगा काढला तो असा, की पृथ्वीस ताठच उभी ठेवून तिची सूर्याभोवतीची कक्षा, आणि तिच्यासोबत उर्वरित सूर्यमालाही, तेवढ्या अंशांनी कलती केली. हे ऐकून अण्णांच्या मुद्रेवर मला प्रथमच खऱ्या कौतुकाची छटा दिसली. "खातेदार जागचा हलत नसेल, तर सगळ्या गावाची मोजणी त्याच्या बांधावरून धरायची," ते म्हणाले, "ही माणसं आमच्या खात्यात हवी होती."

वास्तववादाची ही वाट शेवटपर्यंत चालावयाची म्हटले, तर मी जेथे राहतो त्या पुण्याचे आकाशही खेळात आणणे प्राप्त होते. त्यासाठी फार कौशल्य नको : सहाही भिंतींवर फिकट नारिंगी रंगाचा एकेक हात मारावा, मोजके तारे राखावे, आणि त्यांतील एक विमान निघावे. महाराष्ट्रात खरे काळोखे आकाश नाही असे मात्र नव्हे. पेंच व्याघ्रप्रकल्पास 2024 च्या जानेवारीत भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, आणि तेथे तर वाघांच्या सान्निध्यात उभे राहून कोणतेही मॉड न बसवता नक्षत्रे पाहता येतात. पण वाघ विचारात घेता मी खेळच पसंत केला.

प्रकरण निकालात निघाले असे मी समजत असतानाच अण्णांनी चष्मा पुसत विचारले, "स्थानिक रहिवाशांचा जबाब घेतला होतात का?"

रहिवासी म्हणजे ते हिरवे कर्बल. हा मुद्दा आमच्या संपूर्ण पंथात आजवर कोणी उपस्थित केलेला माझ्या ऐकिवात नाही. काळोखात मनुष्याची बाहुली साधारण 7 मिलिमीटरपर्यंत विस्फारते. आणि कर्बलाचे डोळे तर त्याचा जवळजवळ अर्धा चेहरा अडवून बसलेले. त्याची बाहुली आपल्या तिप्पट रुंद धरली, तर प्रकाश नऊपट गोळा होईल आणि त्याच्या दृष्टीस सुमारे 2.4 प्रतींची बढती मिळेल, म्हणजे जेथे आम्ही हजारांत मोजतो तेथे त्याला कितीतरी पट तारे दिसतील, आणि इतक्या प्रकाशात कदाचित आकाशगंगेचे रंगही. तेव्हा मूळ चित्रकाराने सढळ हाताने भरलेले जे आकाश मी अतिशयोक्ती म्हणून बेदखल केले, ते तेथील नागरिकांच्या दृष्टीने तंतोतंत वास्तव असण्याचा पुरेपूर संभव आहे.

अण्णांनी फेरचौकशीची शिफारस केली आहे. तूर्त दोन्ही आकाशे संगणकात ठेवलेली आहेत. पैकी काळोखे माझ्या नावे असून उजळ आकाशावर कर्बलांची वहिवाट मान्य करण्यात आली आहे.