पहाटे साडेचारचा लेखक

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, ते माझ्या कॉम्प्युटरात नाही. "मामा, उबुंटू टाकू," भाचा म्हणाला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे अभ्यासक्रम सोडून त्याला सगळं येतं. पण विंडोज काढायला मी साफ नकार दिला. युनिकोडच्या आधी टाइप केलेले माझे लेख जुन्या फॉन्टात आहेत. तो फॉन्ट नसला, की आजोळावरचा माझा हळवा लेख रोमन अक्षरं, चांदण्या आणि टक्क्याच्या चिन्हांनी भरून जातो. (छापून आला तेव्हाही वाचकांना साधारण तेवढाच कळला होता.) शेवटी ठरलं, दोघंही नांदतील.

निम्मी डिस्क रिकामी, तरी उबुंटूला जागा द्यायला विंडोज इंचभरच सरकायला तयार. काही फायली मधोमध ठाण मांडून बसतात आणि त्या हलवता येत नाहीत. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. शिवाय 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं, तर विंडोज शटडाऊन म्हणतं आणि अर्धवट झोपतं. मग उबुंटूला तिकडची ड्राइव्ह फक्त वाचता येते, काही लिहिता येत नाही. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? भाच्यानं ते बंद केलं.

आता कॉम्प्युटर सुरू केला, की काळ्या पडद्यावर ग्रब नावाच्या प्रोग्रॅमची यादी येते, विंडोज की उबुंटू, आणि दहा सेकंदांत निवड करायची असते. नाही केली, तर पहिलं नाव उबुंटूचं. मी चष्मा शोधेपर्यंत उबुंटू आलेलं असतं. "दहा सेकंदांत तुम्ही आजवर काय ठरवलंय?" इति सौभाग्यवती.

खरा घोळ घड्याळाचा. मदरबोर्डवर नाण्याएवढ्या सेलवर चालणारं घड्याळ एकच, वाचणारे दोन. डॉसच्या काळापासूनच्या रिवाजानं विंडोज धरून चालतं, की त्यात भिंतीवरचीच वेळ आहे. उबुंटू मानतं, की त्यात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे. म्हणून ते साडेपाच तास मिळवून आपल्याला दाखवतं आणि इंटरनेटवरून वेळ जुळवली, की घड्याळात यूटीसीच लिहून ठेवतं. मागून विंडोज उठतं आणि सकाळी दहाला साडेचार दाखवतं. लंडनच्या माणसाला हिवाळ्यात हे कळणारसुद्धा नाही. आपल्याला मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्ताचा हिशेब चुकवावा लागतो.

अशाच एका सकाळी दहाला मी एका संपादकांना लेख मेल केला. मेलच्या प्रोग्रॅमनं वेळ कॉम्प्युटरला विचारून टाकली. संध्याकाळी फोन. "पहाटे साडेचारला लिहिता आपण? या वयात?"

"सवय आहे," मी म्हणालो. स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला.

उपाय आहे. टर्मिनलमध्ये एक ओळ टाइप केली, की उबुंटूही स्थानिक वेळ पाळू लागतं. परवा भाचा ती टाइप करायला बसलाच होता, मी त्याला खुर्चीवरून उठवलं. दिवाळी अंकाची मुदत ३१ जुलै. १ ऑगस्टला पहाटे तीनला विंडोजमधून पाठवलेल्या लेखावर ३१ जुलै, रात्रीचे साडेनऊ पडतात, हे मी कागदावर मांडून पाहिलंय.

"मामा, मेलच्या हेडरमध्ये खरी वेळ सापडते," भाचा म्हणाला.

संपादक हेडर कशाला वाचतील? ते लेख वाचतात का, इथूनच मला शंका आहे.