ऊन पाण्याची मसलत

स्वयंपाकघरातील नळास अल्प खर्चात ऊन पाणी कसे यावे, या गहन प्रश्नावर आमच्या घरी भरलेल्या दरबारात प्रथम गच्चीवरील सौरबंबाची शिफारस झाली. परंतु ते पाणी चार मजले उतरून येईपर्यंत नळीतील थंड पाणी मोरीत दवडावे लागते, हे उघड होताच ती दप्तरदाखल झाली. मग ३ लिटरच्या, ३ किलोवॉटच्या गीझरची कैफियत निघाली. १० लिटर पाणी ३० अंशांनी तापविण्यास सुमारे ०.३५ युनिट वीज, म्हणजे जेमतेम तीन-चार रुपये, पुरते. हा हिशेब रुजू करण्यास आम्ही तीन रविवार खर्ची घातले. दरम्यान मातोश्रींनी भाजीवरील झाकणातच, वाफेच्या फुकट आचेवर, तेलकट भांड्यांपुरते पाणी केव्हाच तापवून ठेवले होते.