वायर दिसता कामा नये

पाहुण्यांच्या नजरेला घरातली वायर पडली की यजमानाची पत उतरते, असं माझं ठाम मत आहे. नेट असावं, झकास असावं, पण ते येतं कुठून हे कुणाला कळू नये. म्हणूनच नवं कनेक्शन घेताना स्पीड किती, महिन्याला पैसे किती, असले किरकोळ प्रश्न मी बायकोवर सोपवले आणि स्वतः टेक्स्चर पेंटच्या भिंतीच्या रक्षणाला उभा राहिलो.

"काका, आत कुठून घेऊ?" वायरवाल्या मुलाने दारातच विचारलं. आदल्याच रविवारी केसांना रंग लावलेल्या माणसाला हा 'काका' बरा लागत नाही. तरी मोठ्या मनाने म्हणालो, "कुठूनही घे, पण दिसता कामा नये."

त्याने एसीच्या पाइपाचं भोक शोधलं. वायर आत ढकलण्याआधी खिडकीबाहेर तिला खाली एक झोळ दिला. मी लगेच हरकत घेतली. रस्त्यावरून लोंबती दिसेल. "पनवेलचा पाऊस आहे काका. झोळ नसला तर पाणी वायरवरून सरळ घरात येतं. झोळ असला की तिथेच ठिबकतं." फिजिक्सची पदवी माझ्याकडे आहे. त्यामुळे "मी तेच म्हणणार होतो," एवढं बोलून मी विषय संपवला.

आणि मग त्याने भिंतीवर ते वेटोळं टांगलं.

या वेटोळ्याबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या. लाइन आळीपासून खांदा कॉलनीपर्यंत ज्याच्या घरी फायबर आहे, त्याच्या भिंतीवर ते असतंच. मोजून वायर आणायला काय होतं? पण नाही. "असू द्या, पुढेमागे लागते." उंदराने कुरतडली, सुतारकाम करताना तुटली, तर तेवढा तुकडा कापून पुन्हा जोड मारायला हा साठा. मी सुचवलं, घडी घाल, टेप मार आणि टीव्हीच्या मागे कोंब. त्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं. आत काचेचा धागा आहे. उजेड जिथून धावतो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. सौम्य वळण दिलं तर उजेड आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. घडी घातली की बाहेर सांडतो. मोग्याला जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींनी १९५४ साली असल्याच तंतूंच्या जुडग्यातून अख्खं चित्र पलीकडे पोचवून दाखवलं. उजेडाला वळण लावणं माणसाला जमलं. वेटोळं लपवणं अजून जमायचंय.

त्याने मीटर लावलं. "मायनस बावीस. एकदम ओके." मायनसमध्ये ओके काय असतं? "मायनसच येते काका. फार खाली गेली की लॉसचा दिवा लाल मारतो." इथे मात्र पदवी कामाला आली. त्या मापात शून्य म्हणजे एक मिलिवॅट, म्हणजे उणे बावीस म्हणजे मिलिवॅटच्या शंभराव्या भागाहूनही कमी. जगातलं सगळं ज्ञान आणि बायकोच्या मावशीचे सुप्रभात एवढ्याशा उजेडावर आमच्या घरी येतात!

राऊटर मला टीव्हीखालच्या बंद कप्प्यात हवा होता. "मधोमध, उंच आणि उघड्यावर," मुलगा म्हणाला. आमच्या घराच्या मधोमध, उंच आणि उघड्यावर आधीपासून मी आहे. वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहातल्या सत्काराचा फोटो, शाल, श्रीफळ वगैरे. राऊटर त्याच्या शेजारी बसला. पाहुणे आता आधी हिरवे दिवे बघतात, मग वेटोळं, आणि मग जमलं तर मला.

एवढं करून अण्णांच्या खोलीत रेंज नाही. पुण्या-मुंबईच्या मंडळींना मी अभिमानाने सांगतो की आमच्या पनवेलजवळ भोकरपाड्याला २०२० साली ७,२०० रॅकचं डेटा सेंटर उभं राहिलं. आणि माझ्याच वडिलांच्या फोनवर ते चक्र गरगरत बसतं. पाच गिगाहर्ट्झ तर पहिल्या भिंतीलाच हात टेकतो. अडीचच्या आसपासचा जरा लांब पोचतो, पण दोन भिंतींनंतर त्याला लागतं आईचं लोखंडी कपाट. मुलाने कपाट सरकवायला सुचवलं. त्याला कोणीच उत्तर दिलं नाही. आईच्या साड्या अजून त्यातच आहेत, आणि किल्ली अण्णांकडे.

आई गेल्यापासून अण्णा हॉलमध्ये फारसे बसत नसत. जेवण झालं की खोली, आणि दार लोटलेलं. आता रात्री लंडनहून माझी भाची व्हिडिओ कॉल करते, तेव्हा त्यांना बाहेर यावं लागतं. माझ्या फोटोखाली बसून ते लंडनला थेट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलतात. कॉल संपला तरी लगेच उठत नाहीत. मग वेटोळ्यावर टीका होते, बातम्यांवर होते, माझ्या केसांच्या रंगावरही होते.

चिरंजीव म्हणतात, आजोबांच्या खोलीत दुसरा पॉइंट टाकू. वायर पुरेल का? पुरते. वेटोळं सोडून मी मोजून पाहिलंय. पण पॉइंट टाकायचा नाही. तुम्ही पनवेलला आलात तर पासवर्ड जरूर देऊ, मात्र नेट हवं असेल तर हॉलमध्ये येऊन बसायचं.