एकास त्रेचाळीस

पाहुण्यांना मी स्वतःहून कपाटाकडे नेत नाही. एवढा उथळ मी नाही. मी फक्त त्यांना कपाटासमोरच्या खुर्चीत बसवतो आणि कपाटातला दिवा भरदुपारी लावून ठेवतो. मग "अरे वा, गाड्या!" कानावर येईपर्यंत कळ काढायची. एकदा ते आलं की "हो, करतो आपलं थोडंफार" असं मी अशा सुरात म्हणतो, की मैफल मारून उठलेल्या बुवांनी "गातो थोडंफार" म्हटल्यासारखं वाटावं. बहुतेकांना तसं वाटत नाही. ते विचारतात, "नातवासाठी का?" माझी मुलगी अजून बारावीत आहे.

अशा वेळी मी प्रमाणावर घसरतो. एकास त्रेचाळीस हा आकडा आकाशातून पडलेला नाही. विलायतेतल्या शून्य गेजच्या खेळण्यातल्या आगगाड्यांमध्ये फुटाला सात मिलिमीटर हा हिशेब असे. त्या स्टेशनांबाहेर शोभतील अशा मोटारी केल्या आणि हे प्रमाण रुळलं. फुटाचे तीनशे चार पूर्णांक आठ मिलिमीटर, भागिले सात, करून बघा. आजवर कोणी करून बघितलेलं नाही. एकदा एका साडूनं मोबाइल काढला, तेव्हा मला भरून आलं. तर तो ओला बोलवत होता.

बायकोला मी तामियाची गोष्ट सांगतो. जपानात शिझुओकाला ही कंपनी आहे. १९७० च्या दशकात पोर्शचं मॉडेल काढायचं होतं, तर या लोकांनी खरीखुरी पोर्श ९११ विकत घेतली आणि सुटी सुटी करून मोजली. "याला म्हणतात ध्यास," मी म्हणालो. ती म्हणाली, "पण त्यांनी परत जोडली का?" आमचा मिक्सर दिवाळीपासून उघडा आहे, हे बोलणं त्याला उद्देशून होतं.

तर सध्या टेबलावर आहे ती मुंबईची टॅक्सी. मूळ गाडी चोर बाजारातली, धातूची, परदेशी फियाट ११००. काचा फुटलेल्या, एक चाक बेपत्ता, अंगावर कुणी तरी घरच्या ऑइलपेंटचे तीन हात चढवलेले. अशी गाडी घेताना आधी नखानं कडा दाबून बघायची. जस्ताच्या ओतीव धातूत शिशाची भेसळ असली तर तो वर्षानुवर्षं आतून फुगत, तडकत जातो. युद्धापूर्वीच्या डिंकी गाड्या अशाच कपाटात बसल्या बसल्या भुगा झाल्या. ही ठणठणीत निघाली. तळाचे रिव्हेट ड्रिलनं कोरून काढले, अंग थिनरमध्ये बुडवलं, आणि रंग वळ्या पडून सुटला तेव्हा खाली ती नऊ सेंटिमीटरची फियाट उघडी, करडी, अगदी नवीकोरी. इटलीची ही पोर कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात आली, १९७४ च्या सुमाराला तिचं नाव पद्मिनी ठेवलं गेलं आणि तिनं काळा-पिवळा पोशाख करून अख्खं शहर वाहिलं. पुढची जाळी बदलायची, काळा मारायचा, छप्पर पिवळं करायचं. आठवड्याचं काम.

पण पिवळा कुठला?

हा प्रश्न पडला नसता तर मी आज सुखी असतो. मुंबईच्या टॅक्सीचा पिवळा आपल्या सगळ्यांना डोळे मिटून आठवतो, आणि डोळे उघडले की प्रत्येकाचा वेगळा असतो. जुन्या फोटोंत तो कुठे केशरी, कुठे ताकासारखा. रात्री सोडियमच्या दिव्याखाली तर पिवळा नि पांढरा यात फरकच उरत नाही. रंगवाल्याच्या शेडकार्डावर एक गोल्डन आणि एक लेमन. टॅक्सी या दोहोंच्या मधे कुठे तरी फिरत होती. त्यात आणखी मेख अशी, की वस्तू लहान झाली की तोच रंग गडद दिसतो. म्हणून मॉडेलच्या रंगात थोडा पांढरा मिसळावा असं जाणते म्हणतात. थोडा म्हणजे किती, यावर जाणत्यांत जन्माची भांडणं आहेत. रंग जाडही चालत नाही. माझ्या गाडीवर एक दशांश मिलिमीटर बसला, म्हणजे खऱ्या गाडीवर चार मिलिमीटरचं प्लास्टर झालं.

मी आइस्क्रीमच्या काड्या रंगवून गॅलरीत ओळीनं लावल्या. प्रत्येकीला नंबर दिला. सकाळचं ऊन, संध्याकाळचं ऊन, ढगाळ हवा अशा नोंदी ठेवल्या. शेजारच्या काकूंनी बायकोला हळूच विचारलं, "यांची बदली झाली का गं? घरीच दिसतात." शेवटी मी, ज्यानं जन्मभर टॅक्सी रंगवल्या असा एक पेंटर गाठला. त्याच्यासमोर माझ्या काड्या पंख्यासारख्या उघडल्या आणि विचारलं, यातला खरा कोणता?

त्यानं सगळ्या नीट पाहिल्या. म्हणाला, "साहेब, डब्यात उरला असेल तो. पासिंगला पिवळा दिसला म्हणजे झालं."

शहाण्या माणसानं तिथेच कुठलीही काडी उचलली असती. मी घरी येऊन स्वतंत्र रंग तयार केला. हा पिवळा ऑगस्ट २००४ चा आहे. पासिंग होऊन आठवडा झालेला, पाऊस नुकताच थांबलेला. कपाटात गाडीच्या जागेखाली मी तशी चिठ्ठीही लावली.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी चाळीस वर्षं टॅक्सी चालवली. गाडी पुरी झाल्यावर मी त्यांना चहाला बोलावलं. दाद घ्यायलाच बोलावलं, उगाच लपवत नाही. काकांनी गाडी हातात घेतली ती थेट उलटी केली आणि आधी खालून पाहिली. मग म्हणाले, "गिअर?"

मी भिंग दिलं. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर होता, पितळी तारेचा.

"बरोबर आहे. मीटर?"

डाव्या हाताला, बाहेर, पाच मिलिमीटरचं. जुन्या इअरफोनच्या पिनेतून कापलेलं. मी श्वास रोखला.

"डाऊन आहे हे."

"हो ना," मी म्हणालो. ती बारीक पट्टी आडवी बसवताना माझे डोळे फुटायचे बाकी होते.

"मग पॅसेंजर कुठाय?"

विषय बदलावा म्हणून मी माझं ठेवणीतलं दुःख काढलं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर नाही. वीस वर्षांची मुदत, शेवटची गाडी ताडदेवला नोंदलेली. एक तरी जपून ठेवा अशी युनियननं मागणी केली होती. बेस्टच्या बसचं आणिक आगारात संग्रहालय आहे, आणि हिचं काय? एवढ्या मोठ्या शहराला एक गाडी उभी करण्यापुरती जागा सापडू नये? बोलता बोलता माझा आवाज खरंच चढला.

काका चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू मागे बसायचास रे. मागनं ती छानच होती." उजवा गुडघा दाबत पुढे म्हणाले, "मे महिन्यात इंजिनाची धग इथे यायची. स्टिअरिंग ओढून ओढून खांदे गेले. माझी भंगारवाल्यानं किलोवर नेली, तेव्हा मी वळूनसुद्धा बघितलं नाही. सुटलो म्हटलं."

मला काही सुचेना. कपाटाचा दिवा मी बंद केला, मग ते फारच नाटकी वाटलं म्हणून परत लावला.

काका तोवर गाडीच्या मागच्या बाजूशी खटपट करत होते. "डिकी उघडत नाही?"

"ओतीव आहे काका, एकसंध."

"मग गॅसची टाकी कुठे ठेवलीस? अरे, सीएनजी आला नि डिकी गेली. म्हणून तर सामान वर टाकायचो." टपावरच्या कॅरियरवर त्यांनी बोट ठेवलं. ते कॅरियर मी पितळी तारेतून महिनाभर घडवलं होतं. ते तिथे कशासाठी असतं, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी डिकी कापायला घेतली. करवतीचं पातं केसाएवढं, रोज एकेक रेघ पुढे. जुन्या बॉलपेनच्या नळीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा टाकी म्हणून आडवा बसवला, पांढरा रंगवला आणि काकांना हाक मारली. ते आता न बोलावताही येतात, स्वतःचा चष्मा घेऊन.

"टाकी झाली," ते म्हणाले. "आता टेस्टिंगची पट्टी लाव. तारीख टाक तिच्यावर. त्याशिवाय पंपवाला गॅस देत नाही."